वर येताना एक धोंडा

शनिवार, १२ जुलै २०२५

आज पर्यटन समितीपुढे माझी मुलाखत झाली. पाच प्रश्न विचारण्यात आले. पाचही प्रश्नांची उत्तरे मला येत होती आणि मी एकाचेही दिले नाही. अखेरीस अध्यक्षांनी माझ्या हातातील टिपण मागून घेतले व स्वतःच मोठ्याने वाचले. त्यात मी लिहिले होते: "जव्हारला येणारा पर्यटक राजवाडा पाहतो, दाभोसा धबधब्याजवळ भिजतो, सनसेट पॉइंटवर मक्याचे कणीस खातो आणि परत जातो. त्याने छायाचित्रे पुष्कळ काढलेली असतात. जव्हार मात्र पाहिलेले नसते."

"मुलीला लिहिता येतं," अध्यक्ष म्हणाले.

"पण पर्यटक वाचायला येत नाहीत," शेजारचे सदस्य म्हणाले.

तथापि 'अपरिचित जव्हार' या माझ्या पदभ्रमणास दिवाळीपर्यंत प्रायोगिक मान्यता मिळाली. दर रविवारी दहा-बारा पर्यटकांना एखाद्या दुर्गम पाड्यावर न्यायचे व तेथील अस्सल संस्कृतीचे दर्शन घडवायचे. दिवाळीपूर्वी पुण्याहून एक तज्ज्ञ पाहणीस येतील. त्यांनी अनुकूल शेरा दिला तर उपक्रम समितीच्या पुस्तिकेत जाईल व मी मार्गदर्शक होईन. न दिल्यास मला नाशिकला मावशीकडे राहून बँकेच्या परीक्षांचे वर्ग लावावे लागतील. बाबांनी तसे ठरवले आहे. मावशी सकाळी सहापासून बोलते, आणि तिला उत्तरे अपेक्षित असतात.

दहावीला मी तालुक्यात पहिली होते, बी. ए.ला महाविद्यालयात पहिली. सुदैवाने दोन्ही परीक्षा लेखी होत्या.

रविवार, १३ जुलै

पाड्याची निवड झाली. वांगणीच्या पलीकडे टेंभरीपाडा म्हणून पंधरा-सोळा घरांची वस्ती आहे. जव्हारच्या स्टँडवरील हेमंत नावाच्या तरुणाची जीप समितीने ठरवून दिली आहे. तो चार वर्षे ठाण्यात रिक्षा चालवून परत आला आहे. मी त्याला हेमंतभाऊ म्हणते. तसे म्हटले की त्याची जीप झटका खाते. गिअरमध्ये दोष असावा.

जीप ओहळाशी थांबली. पुढचा रस्ता दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला आहे. चढणीवर तीसेक पावलांचा तुकडा दरीच्या बाजूने पूर्ण खचला असून तेथून एकामागे एक असेच जाता येते. सुमारे साडेअकराला वर पोहोचल्यावर मी माझी बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली काढली. पाड्यातील सर्वांत वडील व्यक्ती फागीआजी होत. त्या ओटीवर बसून नागलीची रोपे निवडत होत्या. शेजारी त्यांचा मुलगा नवसू बसला होता. तो उन्हाळाभर ठाण्याकडे कामाला असतो, आवणीला, म्हणजे भातलावणीला, परत येतो आणि दिवाळीनंतर पुन्हा जातो. त्याची पत्नी कमू हिला दिवस गेलेले आहेत.

मी विचारले, "आपल्या पाड्याची सांस्कृतिक वैशिष्ट्ये कोणती?"

आजी म्हणाल्या, "चा घेतेस का?"

मी दुसरा प्रश्न विचारला. "अतिथींच्या आगमनप्रसंगी आपल्याकडे काही विशिष्ट प्रथा पाळली जाते का?"

आजींनी हेमंतकडे पाहिले. हेमंत म्हणाला, "पाव्हणा आला तर काय करता, विचारतायत."

"चा देतो."

"त्याहून प्राचीन काही?" मी विचारले.

"पाव्हणे कितीक येतील?"

"दर रविवारी दहा-बारा."

"दर रविवारी?"

"दिवाळीपर्यंत."

आजींनी हातातील रोपे खाली ठेवली. त्यांनी खचलेल्या रस्त्याकडे पाहिले, मग नवसूकडे, मग कमूकडे. नवसूनेही त्यांच्याकडे पाहिले. बहुधा विस्मृतीत गेलेले काहीतरी आठवत असावे. मग त्या म्हणाल्या, "हाय एक. वर येताना पाव्हण्यानं ओहळातनं एक धोंडा आणायचा."

"आणि?"

"नवसू सांगंल तिथं ठेवायचा."

मी ते वाक्य लिहून दोनदा अधोरेखित केले. हेमंतला मात्र त्याच वेळी खोकल्याची इतकी जबर उबळ आली की तो उठून घरामागे गेला. पहिल्याच दिवशी, केवळ दुसऱ्या प्रश्नाला, एका अज्ञात पाषाणार्पण-विधीचा शोध लागावा, हे माझे भाग्य. ग्रामदेवतेच्या चरणी यात्रिकाने अहंकाराचे ओझे ठेवावे, असा त्यामागील आशय उघड आहे. उरलेले चाळीस प्रश्न मी विचारले नाहीत.

रविवार, २० जुलै

पहिली तुकडी. डोंबिवलीचे सात, पुण्याचे चार. सर्व माहिती मी चिठ्ठ्यांवर लिहून नेली होती. माणसांकडे पाहून बोलणे जमेना, म्हणून मी एका जांभळाच्या झाडाकडे पाहून बोलले. मी म्हटले, "सदर वसाहतीतील गृहरचना स्थानिक साधनसामग्रीवर आधारित आहे."

हेमंत म्हणाला, "म्हणजे ही घरं कुडाची आहेत."

मी म्हटले, "कुडाच्या भिंतींवर गोमयाचे लेपन केलेले असते."

हेमंत म्हणाला, "शेण."

मी मराठीत बोलत असताना त्याने मराठीतच भाषांतर का करावे, हे मला समजले नाही. परंतु लोक त्याच्याकडे पाहून मान हलवत होते. पुण्याच्या एका काकांनी विचारले, "इथं पॉइंट कोणता आहे?" मी चिठ्ठी शोधत असताना हेमंतने "धोंडा पॉइंट" असे सांगून टाकले. मला अतिशय लाज वाटली.

विधी मात्र यथासांग पार पडला. पौरोहित्य नवसूने केले. काकांनी छायाचित्रापुरता एक खडा उचलला होता. नवसूने तो हातावर झेलून पाहिला व म्हणाला, "एवढ्यानं काय व्हायचं, काका? तुमची बॉडी बघा." काका परत ओहळात उतरले आणि भलामोठा दगड घेऊन धापा टाकत वर आले.

"गोल हाय," नवसू म्हणाला. "गोल चालणार नाय. चपटा पायजे."

काका तिसऱ्यांदा उतरले. चपटेपणा हे समत्वबुद्धीचे प्रतीक होय, असे मी जांभळाला सांगितले. नंतर सर्व पुरुषांत कोणाचा दगड अधिक चपटा अशी चढाओढ लागली. श्रद्धेत इतकी शक्ती असते हे मी केवळ वाचले होते.

रविवार, ३ ऑगस्ट

आज ठाण्याच्या एका व्यायामशाळेतील नऊ तरुण आले. त्यांना पाहताच फागीआजी ओटीवरून उठून पुढे आल्या. कमूने पूर्वी कोणासाठी न केलेली नागलीची भाकरी आणि सुक्या मासळीचे कालवण केले. तरुणांनी प्रत्येकी चार-चार खेपा केल्या. एकाने तर असा दगड आणला की नवसूने क्षणभर डोळे मिटले. आजींचे डोळे पाणावले होते. त्या त्याला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "परत कधी येशील, बाबा? भाऊ हाय का तुला?"

विधीतील एक नवीन अंग आज ध्यानात आले. नवसूजवळ एक पवित्र वस्तू आहे. सुताला बांधलेला धातूचा लहान शंकू. दगड ठेवला की तो शंकू वरून सोडतो आणि तो हलायचा थांबेपर्यंत एक डोळा मिटून निःशब्द पाहत राहतो. मग मान डोलावतो अथवा दगड काढायला लावतो. देवतेचा कौल घेण्याची ही पद्धत अन्यत्र नोंदवली गेल्याचे मला आढळले नाही. आकृती काढून घेतली आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

गेल्या रविवारी पावसामुळे तुकडी आली नाही, तर आज नवसू स्वतः दोन तास चालून व उरलेले जीपने, केवळ चौकशीसाठी आमच्या घरी आला.

"या रविवारी तरी येतील ना, बाय?"

"येतील."

"वजनदार आणा. बायामाणसं बी चालतील, पण वजनदार."

आई त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली तेव्हा म्हणाली, "कसला पुजारी गं हा, बोटांना सगळं सिमेंट चिकटलंय." आई आजकाल वाचन करत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

'पाषाणार्पण: एका लुप्तप्राय विधीचा अन्वयार्थ' हा माझा चौदा पानांचा लेख पूर्ण झाला. पाहणीस येणाऱ्या तज्ज्ञ पुण्याच्या लोकसंस्कृतीच्या निवृत्त प्राध्यापक डॉ. मुळावकर असल्याचे समितीकडून कळले. लेख त्यांनाच पाठवायचे ठरवले. परतीच्या वाटेवर हेमंतला टपालपेटीजवळ जीप थांबवायला सांगितली. त्याने ती थांबवली नाही.

"मॅडम, राहू द्या ना. नका पाठवू."

"का?"

त्याने समोरचा आरसा सारखा केला. "पाकीट जड आहे."

"मी तिकिटे अधिक लावीन."

"तसं नाही. म्हणजे, त्यात ते शंकूचं पण लिहिलंय?"

"आकृतीसह."

त्याने कपाळाला हात लावला. विद्वत्तेविषयी समाजात उदासीनता आहे, हे खरेच. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे: दर रविवारी सर्वांत जड दगड हेमंत आणतो, आणि तो नेमका मी उभी असेन तेथूनच नेतो. तो अलीकडे 'सदर' हा शब्दही वापरू लागला आहे. आज म्हणाला, "सदर जीपला उद्या सुट्टी आहे, तरी काढू का? फिरायला?"

"प्रवासी नसताना?" मी विचारले.

"एक आहे ना."

कोण, असे मी विचारल्यावर जीपने पुन्हा झटका खाल्ला.

रविवार, ७ सप्टेंबर

काल डॉ. मुळावकर यांचे उत्तर आले. "चाळीस वर्षांच्या क्षेत्रकार्यात असा विधी माझ्या पाहण्यात नाही. रविवार, १२ ऑक्टोबर रोजी येत आहे. विधीचे प्राचीनत्व हा माझा मुख्य प्रश्न राहील." मी ते पत्र सहा वेळा वाचले. बाबांनी एकदा वाचले आणि म्हणाले, "नाशिकच्या मावशीला अजून काही कळवत नाही मी."

रविवार, १४ सप्टेंबर

अक्षर वाईट येत आहे. क्षमस्व.

आज कमूबरोबर मी प्रथमच पाड्याच्या वरच्या टेकाडावर गेले होते. तिला भाजीला टाकळा हवा होता. आठव्या महिन्यातही ती माझ्यापेक्षा भरभर चढते. तेथून मी खाली पाहिले. आजवर खचलेल्या चढणीवरचे ते दगडांचे देवस्थान मी खालून आणि जवळूनच पाहिले होते. वरून ते अगदी सरळ रेषेत दिसले. त्याला एक कोपरा होता. त्याला पाणी जायला नळी ठेवलेली होती. त्याच्या मागे मुरूम भरलेला होता, आणि भरलेल्या जागेची रुंदी बरोबर एका जीपएवढी होती.

"कमू," मी म्हटले, "नवसू ठाण्याला काय काम करतो?"

"गवंडी हाय तो," कमू म्हणाली. "तुला नाय म्हाईत?"

मी खाली येऊन आजींसमोर उभी राहिले. "आजी, ही भिंत आहे."

"मंग? तुला काय वाटलं?"

"देवस्थान."

आजींनी हातातले सूप खाली ठेवले. "देव तू घातलास, बाय. मी नुसता धोंडा म्हटला."

"तुम्ही प्रथा आहे असे म्हणालात."

"तू प्रथा मागितलीस. चा दिला तर तुला नको झाला." मग त्या जरा नरमल्या. "हे बघ. गेल्या पावसात मंगळूची बायको झोळीत घालून खाली नेली. ओहळापर्यंत गेली आणि तिथंच पोर झालं, छत्रीखाली. पाण्या नाव ठेवलंय त्याचं. आता हिची दिवाळीत वेळ हाय. अर्ज दिलं आम्ही. तीन दिलं. रस्ताच नाय तर उत्तर वर येणार कुठनं? आवणीत माणूस मिळंना. त्यात तू आलीस, दर रविवारी दहा-बारा म्हणत. मी काय करू?"

"मला सांगायचे होते."

"सांगितलं असतं तर तू तसं लिहिलं असतंस," आजी म्हणाल्या. "मंग कोण आलं असतं? भिंत बघायला कोण येतं?"

हेमंत जीपला टेकून खाली पाहत उभा होता. मी त्याला विचारले, "तुम्हाला ठाऊक होते?"

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "मी चार वेळा सांगायला आलो. पण तुम्ही समत्वबुद्धीचं सांगत होता, आणि ते इतकं चांगलं होतं..."

घरी येऊन मी १३ जुलैची नोंद काढून वाचली. आजींच्या तोंडी देवाचे नाव कोठेही नाही. जे काही आहे ते सर्व माझे आहे, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय.

सोमवार, १५ सप्टेंबर

सातवीत असताना गुरुजींनी मला अनवधानाने एक गुण जास्त दिला होता. मी तो परत करायला त्यांच्या घरी गेले होते. अशी मी आहे. डॉ. मुळावकर विचारतील आणि मला खरे सांगावेच लागेल. खरे सांगितले की अनुकूल शेरा नाही. उपक्रम बंद, रविवार बंद, दगड बंद, आणि मी नाशिकला. भिंतीची बारा पावले अजून उरली आहेत. नवसू म्हणतो, शेवटचा भाग सर्वांत उंच आहे, त्याला दगडही सर्वांत जास्त लागणार.

मंगळवार, १६ सप्टेंबर

तोडगा सापडला. खरे १२ ऑक्टोबरला सांगायचे आहे. भिंत त्याआधी पूर्ण होऊ शकते. हातात तीन रविवार आहेत. दर रविवारी दहा-बारा हे समितीने ठरवले आहे. परंतु कमाल मर्यादा कोठेही लिहिलेली नाही. मी कागद दोनदा तपासला.

शनिवार, २७ सप्टेंबर

आज दुपारी चारपासून सूर्यास्तापर्यंत सनसेट पॉइंटवर उभी होते. प्रत्येक गाडीपाशी गेले. "तुम्ही सूर्यास्त पाहिला, आता जव्हार पाहणार का?" असे विचारले. अलीकडे मी प्रथम माणसाचे खांदे पाहते. विरारच्या एका भजनी मंडळात मृदंग वाजवणारे दोन गृहस्थ फार आशादायक वाटले. एका कुटुंबातील आजोबा कृश होते, पण जावई भरदार होता; मी जावयाशी बोलले. कणसे विकणाऱ्या रामीताई म्हणाल्या, "अगो, तू शिक्षकांची मुकी पोर ना?"

"होय," मी म्हटले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.

रविवार, २८ सप्टेंबर

त्रेचाळीस पर्यटक. हेमंतने ओळखीच्या तीन जीपा आणल्या. ओहळापासून चढणीपर्यंत रांग लागली. भजनी मंडळाने दगड वाहताना ताल धरला, त्यामुळे खेपा भराभर झाल्या. मी त्यांना प्रथा सांगितली ती आजींच्या शब्दांत: वर येताना एक धोंडा आणायचा, नवसू सांगेल तिथे ठेवायचा. देव घातला नाही. एका बाईंनी विचारले, "हे कशासाठी करायचं?" मी म्हटले, "वर एक बाई आहे. तिला दिवाळीत खाली यायचं आहे." त्या पदर खोचून पुन्हा ओहळात उतरल्या.

हेमंतला एकदाही भाषांतर करावे लागले नाही. तो जरा उदास दिसला. चिठ्ठ्या घरीच टेबलावर राहिल्या होत्या, हे परत आल्यावर लक्षात आले.

रविवार, ५ ऑक्टोबर

अडीच पावले उरली. परंतु एक विचित्र अडचण निर्माण झाली आहे. शेजारच्या सकूबाई बाजारातून आल्या त्या डोक्यावर भाताचे बोचके आणि काखेत धोंडा घेऊन. आजी त्यांच्यावर ओरडल्या, "तुला कोणी सांगितलं? तू काय पाव्हणी हायस?"

"परवा तशीच आले वर," सकूबाई म्हणाल्या. "रातच्याला कोंबडी मेली."

"कोंबडी म्हातारी होती तुझी."

"असंल. पण मेली त्याच दिवशी."

आता पाड्यातील कोणीच रिकाम्या हाताने चढत नाही. आजी कपाळ बडवतात, पण धोंडे ठेवून घेतात.

रविवार, १२ ऑक्टोबर

डॉ. मुळावकर अडुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांच्या खांद्याला शबनम आणि पायात पुरुषी बूट होते. सोबत समितीचे अध्यक्षही आले. ओहळाशी कोणी काही सांगण्यापूर्वीच मॅडमनी वाकून एक दगड उचलला. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहून एक लहानसा उचलला. नवसूने तो परत पाठवला. मॅडमचा दगड त्याने हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "शंभर टक्के चपटा." त्या प्रसन्न झाल्या.

मग त्या ओटीवर बसल्या, वही उघडली आणि फागीआजींना विचारले, "ही प्रथा किती जुनी, आजी?"

आजींनी माझ्याकडे पाहिले. नवसूने पाहिले, कमूने पाहिले. हेमंतने माझ्याकडे पाहून मानेने 'नको' अशी खूण केली. भिंतीचे दीड पाऊल अजून उरलेले होते. जांभळाचे झाड माझ्या पाठीमागे होते.

मी म्हटले, "तीन महिने."

अध्यक्षांच्या हातातला दगड त्यांच्या पायावर पडला.

"रविवार, तेरा जुलै," मी पुढे म्हटले. "सकाळी सुमारे साडेअकरा. मी आजींना प्रथा विचारली, आणि आजींना भिंत हवी होती. त्या धोंडा म्हणाल्या. देव मी घातला. तो शंकू म्हणजे गवंड्याचा ओळंबा आहे. माझ्या लेखातली चौदाही पाने चुकीची आहेत, पहिल्या पानावरील पत्ता सोडून. शेरा देऊ नका. पण एवढे दीड पाऊल होईपर्यंत समितीला कळवू नका."

"मी इथेच आहे," अध्यक्ष पाय चोळत म्हणाले.

मॅडमनी वहीचे नवे पान उघडले. मग त्यांनी विचारले, "साडेअकरा कशावरून?"

"मी त्याच दिवशी लिहून ठेवले आहे."

"साक्षीदार?"

हेमंतने हात वर केला. "मी. सदर वेळी मी खोकत होतो."

मॅडमनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं मी पाड्यापाड्यांवर जाऊन विचारतेय, ही प्रथा कधी सुरू झाली. सगळीकडे एकच उत्तर मिळतं, वाडवडलांपासून. मला आजवर एकाही प्रथेची जन्मवेळ मिळाली नाही. आणि ही मुलगी मला मिनिटं सांगतेय."

तेवढ्यात सकूबाई काखेत धोंडा घेऊन चढून आल्या. मॅडमनी त्यांना थांबवले. "बाई, तुम्ही हा का आणलात?"

"नाय आणला तर कोंबडी मरते."

"आणि हे केव्हापासून आहे?"

सकूबाईंनी आमच्या सर्वांकडे अशी नजर टाकली की हे विचारायला पुण्याहून यावे लागते काय. "वाडवडलांपासून," त्या म्हणाल्या आणि धोंडा ठेवायला निघून गेल्या.

मॅडमना इतके हसू आले की कमूने त्यांना पाणी आणून दिले. निघताना त्यांनी अध्यक्षांच्या कागदावर शेरा लिहिला. तो मी उतरवून घेतला आहे: "प्रथा अस्सल आहे. वय तीन महिने. जपावी." त्याखाली कंसात त्यांनी लिहिले होते: "मार्गदर्शक मुलीस बोलता येते."

अध्यक्षांनी खाली उतरण्यापूर्वी स्वतः आणखी एक दगड आणला. तो चपटा होता.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज वाघबारस. भिंत पूर्ण झाली. हेमंतची जीप प्रथमच फागीआजींच्या अंगणात येऊन उभी राहिली. पाड्यावरच्या सर्वांनी तिला हात लावून पाहिले, जणू ती कोणी दुसरीच जीप आहे. आजींनी वाघोबापुढे नारळ फोडून आल्यावर दुसरा जीपच्या चाकापुढे फोडला. मी हेमंतला "हेमंत" म्हणून हाक मारली, कारण गर्दीत 'भाऊ' म्हटले असते तर चौघांनी पाहिले असते. जीप उताराला असूनही तिने मुळीच झटका खाल्ला नाही. गिअर दुरुस्त केलेला दिसतो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

काल पहाटे कमूला दारातून जीपमध्ये बसवले आणि सूर्योदयापूर्वी जव्हारच्या दवाखान्यात पोहोचवले. मुलगी झाली. छत्री लागली नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

पुस्तिकेचा मसुदा आला, त्यात आपला पाडा आहे. बाबांनी मावशीला फोन करून 'हर्षदा येत नाही' असे कळवले. मग फोन माझ्याकडे दिला आणि मी तिच्याशी पाऊण तास बोलले. आई दारात उभी राहून ऐकत होती.

दुपारी हेमंत, मी आणि फागीआजी कमूला व बाळाला घेऊन पाड्यावर निघालो. नवसूने कामावर जाणे आठवडाभर लांबवले आहे. तो पुढे हेमंतशेजारी बसला होता. ओहळाशी आलो तसे आजींनी मागून जीपचा पत्रा वाजवला.

"थांबव."

हेमंतने जीप थांबवली. आता येथे थांबण्याचे काहीच कारण नाही. रस्ता थेट अंगणापर्यंत जातो. आजी खाली उतरल्या, पाण्याच्या कडेने थोडे चालल्या आणि शेंगदाण्याएवढा एक खडा घेऊन आल्या. बाळाची मूठ उघडून त्यांनी तो आत ठेवला.

"आजी," मी म्हटले, "भिंत तर झाली."

"भिंतीचं कोण बोलतंय?" आजी म्हणाल्या. "पोर पयल्यांदा वर येतेय. पाव्हणीच हाय. तशी रिकाम्या हातानं नेत नाय आमच्यात."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. त्या थट्टा करत नव्हत्या. मी वही उघडली नाही.

नवसू पुढून वळला. त्याने लेकीची मूठ दोन बोटांनी हळूच उघडली, खडा काढून उजेडात धरला आणि एक डोळा मिटून पाहिला.

"गोल हाय," तो म्हणाला. "चालणार नाय."

मग कमूला बाळासह जीपमध्येच बसू देऊन आम्ही चौघेही ओहळात उतरलो, आणि नऊ दिवसांच्या मुठीत मावेल असा चपटा खडा वाकून वाकून शोधू लागलो. हेमंतला दोन मिळाले; दोन्ही नवसूने नाकारले. आजींचे गुडघे दुखू लागले तरी त्या थांबेनात. ऊन कलत आले तेव्हा एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, पाण्याखाली, मला तो दिसला. मी बाह्या वर केल्या आणि तेथूनच मोठ्याने हाक मारली. पलीकडच्या शेतातल्या माणसांनीसुद्धा वळून पाहिले.